ही गाडी जन्मात गरम होणार नाही

३ नोव्हेंबर

प्रिय बारकू,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू 'हं' म्हणतोस, मी 'हं' म्हणते, मग थोडा वेळ तुझ्या खाणीवरचा वारा ऐकू येतो आणि फोन कटतो. कागदावर नुसतं 'हं' लिहून पाठवायची तुलाही लाज वाटेल, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की मी गाडी चालवायला शिकले. हसू नकोस. परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही घाबरत कशा नाही हो? माझे सगळे विद्यार्थी पहिल्या दिवशी स्टिअरिंगला मिठी मारतात." त्यांना काय सांगणार? मी धीट झालेली नाही. मला काही वाटतच नाही, एवढंच. परवा लॉन्ड्रीत चादरींच्या प्रेसवर मनगट भाजलं. दुखलं म्हणून कळलं नाही, वास आला म्हणून खाली बघितलं. मुकादमीण ओरडली तेव्हा हात काढला.

तुझ्या दादाला जाऊन दहा महिने झाले. गाडी इतके दिवस तशीच अंगणात होती. पोलिसांनी परत दिली तेव्हा तिच्यावर ओरखडाही नव्हता, हे तुला माहीत आहेच. त्या सकाळी काचेवर बर्फाचा पापुद्रा धरला म्हणून हे रस्त्याच्या कडेला थांबले, फडकं घेऊन पुसायला खाली उतरले आणि मागून ट्रक आला. गाडीला कुणी शिवलंसुद्धा नाही. फडकं पोलिसांनी वेगळ्या पिशवीत दिलं.

आता माझी पहिली पाळी सहाला असते आणि त्या वेळी बस नाही. शिवाय आईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून गाडी काढली. चालते छान. फक्त हीटर थंड हवा फेकतो. सुया-काटे मला कळत नाहीत, पण तापमानाचा काटा तळाला बसला आहे तो अर्धा तास झाला तरी हलत नाही. दीड वर्षापूर्वीच्या उन्हाळ्यात तू सुट्टीवर आलास तेव्हा गाडी चढावर उकळली होती, आठवतं? तू अंगणात दुरुस्त केलीस आणि हात पुसत म्हणालास, "दादा, आता ही गाडी जन्मात गरम होणार नाही." हे किती दिवस ते वाक्य सगळ्यांना सांगत होते. त्याचा आणि हीटरचा काही संबंध आहे का, एवढं कळव.

आई बऱ्या आहेत. तू कधी येणार, हे रोज विचारतात. मी रोज वेगळं उत्तर देते.

तुझी
वहिनी


१४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. मनगटाला मलम लाव.

हीटरची कारणं बरीच असतात. रेडिएटरमध्ये पाणी कमी असेल. गाडी पूर्ण थंड असताना झाकण उघडून बघ, गरम असताना उघडू नकोस. हीटरच्या बटणामागची तार सुटली असेल. डॅशबोर्डच्या आत हीटरची छोटी जाळी असते, ती गाळाने भरली असेल. काट्याचा सेन्सरही बिघडतो, मग काटा तळालाच राहतो.

पण खरं सांगू का, गाडी जुनी झाली. तिच्यामागे किती लागणार? विकून टाक. माझ्या ओळखीचा एक जण तुमच्या भागात जुन्या गाड्या उचलतो. मी निरोप दिला की दारातून घेऊन जाईल, तुला काही बघावं लागणार नाही. थंडीच्या आत होऊन जाऊ दे.

इथे सगळं नेहमीसारखं. डंपर येतात, डंपर जातात. आईला सांग, सुट्टीचं बघतो आहे.

बारकू


२३ नोव्हेंबर

प्रिय बारकू,

उंटावरून शेळ्या हाकणं तुझ्याकडून शिकावं. सांगितलंस ते सगळं केलं. पाणी काठोकाठ आहे. बटणामागची तार जागेवर आहे. जाळी धुऊन घेतली, आतून लाल पाणी आलं, मग स्वच्छ आलं, हीटर होता तसाच थंड. रोग म्हशीला आणि इलाज पखालीला, असं चाललं आहे.

शेजारच्या टॅक्सीकाकांनी एक युक्ती केली. तुला ते आठवत असतील. तीस वर्षं टॅक्सी चालवली, आता डोळ्यांमुळे घरी असतात आणि दिवसभर लोकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. त्यांनी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि रेडिएटरच्या पुढे अडकवला. दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत पोचेपर्यंत काटा एक रेघ वर आला होता! म्हणजे सेन्सर ठीक आहे आणि इंजिन प्रमाणाबाहेर थंड होतं आहे, असं काका म्हणाले. मग म्हणाले, "थर्मोस्टॅट बघा." आमच्या प्रेसमध्येही थर्मोस्टॅट असतो. तो बिघडला की एक तर चादरी जळतात, नाही तर सुरकुत्या तशाच राहतात. गाडीतला कसा असतो? तू एवढी कारणं लिहिलीस, त्यात त्याचं नाव कसं नव्हतं?

गाडी विकणार नाही. तुझ्या माणसाला निरोप देऊ नकोस. ह्यांच्या सीटची मी फक्त उंची बदलली आहे, बाकी काही हलवलेलं नाही. हळवेपणा म्हणून नाही, हलवून काय करायचं ते सुचत नाही म्हणून.

आईंनी काल विचारलं, "तो भावाच्या अंत्यविधीलाही आला नाही, आता कशाला येईल?" मी म्हटलं, सुट्टी नव्हती. त्या म्हणाल्या, "हं." तुमच्या घराण्याचाच तो 'हं' आहे, आता कळलं.

वहिनी


५ डिसेंबर

प्रिय वहिनी,

थर्मोस्टॅटचं नाव राहून गेलं. घाईत लिहिलं होतं.

सांगतो. तो तळहातात मावेल एवढा असतो. पितळेची बारीक कुपी, तिच्यावर एक चकती आणि एक स्प्रिंग. कुपीत मेण भरलेलं असतं. साधंच मेण, पण मोजून बनवलेलं. इंजिनच्या अंगातून पाणी फिरत असतं. सकाळी गाडी सुरू केली की चकती बंद असते, त्यामुळे पाणी रेडिएटरकडे जाऊ शकत नाही, इंजिनच्या आतल्या आतच फिरतं आणि भराभर तापतं. तेच तापलेलं पाणी हीटरच्या जाळीतून जातं, म्हणून पाच-सात मिनिटांत पायांना ऊब लागते आणि काच साफ होते. पाणी ब्याऐंशी अंशांवर आलं की मेण वितळतं आणि फुगतं, चकती ढकलली जाते, वाट मोकळी होते. पाणी रेडिएटरमध्ये जाऊन थंड होऊन परत येतं. फार थंड झालं तर मेण आखडतं, स्प्रिंग चकती मिटवते. वीज नाही, तार नाही, कुणी हुकूम देत नाही. दिवसभर स्वतःच थोडं उघडतं, थोडं मिटतं.

लोकांना वाटतं इंजिन जेवढं थंड तेवढं चांगलं. तसं नसतं. थंड इंजिन पेट्रोल जास्त खातं, तेल काळं पडतं, आतले भाग लवकर झिजतात. इंजिनला गरमच राहायचं असतं, फक्त उकळायचं नसतं. चकती बंद अवस्थेत अडकली तर इंजिन उकळतं. उघडी अडकली तर कधी तापतच नाही. ओळखायची खूण अशी: गाडी सुरू केल्यावर रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला हात लाव. थर्मोस्टॅट चांगला असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका देतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर वाट मोकळी आहे असं समजायचं.

मी इथे प्रत्येक थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी उकळून तपासतो. दोऱ्याला टांगून पाण्यात सोडायचा, शेजारी तापमापक धरायचा आणि कधी उघडतो ते बघायचं. वर्कशॉपमध्ये माझं नाव 'चहावाला' पडलं आहे, कारण माझ्या टेबलावर कायम पातेलं. नवा आला तरी तपासतो. तपासल्याशिवाय एकही गाडी जाऊ देत नाही.

पण तू ते घर उघडायला जाऊ नकोस. वरचा पाइप इंजिनला जिथे मिळतो तिथे दोन बोल्टांचं झाकण असतं, बोल्ट गंजलेले असतात, तुटले तर निस्तरता येणार नाही. टॅक्सीकाकांनाही हात लावू देऊ नकोस, त्यांना दिसत नाही. गाडी विक. ऐक माझं. आणि काचेवर बर्फ धरला तर खाली उतरू नकोस. कितीही उशीर होऊ दे, आत बसून राहा.

बारकू


१६ डिसेंबर

प्रिय बारकू,

पाइपला हात लावला. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला.

मग रविवारी झाकण उघडलं. बोल्ट तुटले नाहीत. काकांना दिसत नाही, पण त्यांच्या बोटांना दिसतं. त्यांनी सांगितलं तसा मी पाना लावला. खाली बादली ठेवली, थोडं पाणी गेलं. आत बोट घालून काकांनी चाचपलं आणि माझं बोट घेऊन आत लावलं.

आत काही नव्हतं. बिघडलेला नाही, अडकलेला नाही. थर्मोस्टॅटच नाही.

काका म्हणाले, "कुणीतरी काढून टाकलाय. गॅरेजवाल्यांची जुनी खोड आहे. गाडी उकळली की काढून फेकतात आणि म्हणतात, आता कधी गरम होणार नाही."

कुणी काढला असेल?

वहिनी


७ जानेवारी

प्रिय बारकू,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. तुझ्या खाणीच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले, चहावाला कामावर आहे, तब्येत ठीक आहे. म्हणजे मूग गिळून बसला आहेस.

येत्या तेराला वर्ष होईल. आईंनी विचारलं, "त्या दिवशी काय करायचं?" मी म्हटलं, त्या दिवशी रविवार नाही ना, मग लॉन्ड्रीत माझी पाळी आहे. त्या उठून आत गेल्या. मी काय बोलले ते मला संध्याकाळी भांडी पुसताना कळलं.

पुठ्ठा लावून गाडी चालते आहे. काच मी निघायच्या आधी अंगणातच खरवडून घेते, वाटेत थांबत नाही.

उत्तर दे. वाईट असलं तरी दे.

वहिनी


१८ जानेवारी

वहिनी,

मी काढला.

तुला एव्हाना कळलंच असेल. मी तीन पत्रं लिहिली आणि फाडली. ह्यात जे लिहितो आहे ते आता फाडणार नाही.

त्या उन्हाळ्यात गाडी चढावर उकळली तेव्हा आई मागे बसली होती. आपण तिला सावलीत बसवलं, दादाने तिला वारा घातला. घरी आणून मी झाकण उघडलं तर थर्मोस्टॅट बंद अडकलेला. नवा मिळाला असता, पण दुकान दुसऱ्या दिवशी उघडणार आणि माझी बस पहाटेची. ज्या मिस्त्रीकडे मी काम शिकलो तो उन्हाळ्यात आलेल्या प्रत्येक गाडीचा काढायचा. "काढ आणि फेक, पाणी मोकळं वाहू दे, गिऱ्हाईक खूश." आम्ही सगळे तसंच करायचो. मी काढला, झाकण लावलं आणि ते वाक्य बोललो. दादाला सांगितलं नाही की आतला भाग काढला आहे. वाटलं, तात्पुरतं आहे, थंडीच्या आधी येईन आणि नवा बसवेन. थंडीच्या आधी मी आलो नाही. विसरलो, वहिनी. दुसरं काही कारण नाही. साफ विसरलो.

तुझा फोन ऑफिसात आला तेव्हा तू म्हणालीस, "काच पुसायला उतरले होते." मी डंपरखाली होतो, मला तिथून बाहेर बोलावलं होतं. तू पुढे काय बोललीस ते मला ऐकूच आलं नाही. एवढंच डोक्यात आलं की हीटर चालू असता तर काच साफ असती. काच साफ असती तर तो थांबला नसता. माझा हात अजून ग्रीसने भरलेला होता आणि रिसीव्हरला डाग पडले, ते मी बघत होतो.

सुट्टी नव्हती हे खोटं. साहेबांनी त्याच मिनिटाला सुट्टी दिली. मी पिशवी भरली, स्टँडवर गेलो. सकाळची गाडी गेली, दुपारची गेली. शेवटचीही गेली. मी बाकावरच होतो. दादाचं तोंड बघायची माझी छाती झाली नाही, आणि तुझं तर त्याहून नाही. परत येऊन कामाला लागलो. तेव्हापासून काम करतो, जेवतो, झोपतो. रडू आलेलं नाही. साहेब म्हणतात, तुझं काम पूर्वीपेक्षा चांगलं झालं आहे.

गाडी विक म्हणत होतो कारण ती कुणी उघडू नये असं वाटत होतं. तुझ्या जिवाची काळजी होती हेही खरं आहे, पण आधीचं जास्त खरं आहे.

आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. तू काय म्हणशील ते मला मान्य आहे. संबंध ठेवायचा नसेल तर तसं लिही, पण लिही.

बारकू


२९ जानेवारी

प्रिय बारकू,

आता माझं ऐक. उभा असशील तर बस.

मला माहीत होतं. आता झाकण उघडल्यावर कळलं असं नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं.

ह्यांनाही माहीत होतं. तू काढलास त्याच वर्षी, थंडी सुरू झाल्यावर हीटर चालेना म्हणून ह्यांनी स्वतःच झाकण उघडलं. आत काही नाही हे बघून आधी शिवी दिली आणि मग इतके हसले की आई बाहेर आल्या. "बघितलंस, आपल्या इंजिनिअरने काय केलं? आला की कान पिळतो त्याचा." दुसऱ्या दिवशी नवा थर्मोस्टॅट घेऊन आले. पत्र्याच्या छोट्या डबीत होता. डबी फ्रिजवर ठेवली. ती तिथे सात आठवडे होती. दर रविवारी म्हणायचे, आज बसवतो. एका रविवारी पाऊस, एका रविवारी कंबर, एका रविवारी कंटाळा.

शेवटच्या रविवारी मात्र खरंच उठले. पाना काढला, बादली घेतली, डबी खिशात घातली. मी तेव्हा पुढच्या खोलीत नवे पडदे शिवून बसले होते आणि दांडा लावायचा राहिला होता. मी म्हटलं, "ती गाडी काही पळून जात नाही. आधी माझा दांडा लावा, दोन महिने मागे लागले आहे." त्यांनी डबी परत फ्रिजवर ठेवली आणि दांडा लावला. दोनदा लावला, कारण पहिल्यांदा तिरका झाला. तोवर अंधार पडला. सोमवारी सकाळी गेले.

हे मी वर्षभर कुणाला सांगितलेलं नाही. तुला लिहायला बसले तेव्हा ठरवलं होतं की सांगायचं. पण लिहिताना हात दुसरीकडे वळला. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की तू कबूल करावंस. तू एकट्याने केलंस असं तुझ्या अक्षरात लिहून यावं आणि मी ते जपून ठेवावं. म्हणून हीटर काय, थर्मोस्टॅट कसा असतो, असं साळसूदपणे विचारत राहिले. झाकण उघडलं तेव्हा आत काही नसणार हे मला माहीत होतं, तरी बोट घातलं. तुझं पत्र आलं, तू सगळं लिहिलंस, आणि मला काही हलकं वाटलं नाही. तू बाकावर दिवसभर बसलास ते वाचलं आणि मला माझीच शरम वाटली. वर्षभरात मला काहीतरी वाटलं ते हे पहिलं.

तुझी सगळी पत्रं मी आईंना वाचून दाखवली, मी तुला काय काय लिहिलं तेही सांगितलं आणि ही सगळी हकीकतही. त्या शेंगा सोलत बसाव्यात तशा शांत बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दोघं मिळून माझ्या मुलाला किती वेळा मारणार आहात?" "सात आठवडे डबी त्याच्या डोळ्यांसमोर होती. त्याला हात नव्हते? आळशी होता पहिल्यापासून, मेला म्हणून उद्योगी कशाला करता?" नंतर म्हणाल्या, "तुमच्या एवढ्या पत्रांत तो ट्रकवाला एकदाच आला. तो कुठे बघत होता, हे कुणीच कसं विचारत नाही?"

ह्याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर लिही.

त्याच दिवशी आईंनी मला फ्रिजवरून डबी काढायला लावली. वर्षाची धूळ होती. मी तू सांगितलंस तसं केलं, लाकडी चमच्याला दोरा बांधून पातेल्यात टांगला. आईंनी तापमापक म्हणून कपाटातून ताप मोजायची नळी आणून दिली. मी म्हटलं, "आई, ही बेचाळीसला संपते." त्या म्हणाल्या, "मग बाकीचं अंदाजाने कर." शेवटी लॉन्ड्रीतून बॉयलरचा तापमापक मागून आणला. आम्ही दोघी पातेल्यावर वाकून उभ्या. सत्तरला काही नाही. ऐंशीला काही नाही. ब्याऐंशीला काठाला एक बारीक फट दिसली आणि चकती हळूच वर सरकली. आई म्हणाल्या, "उघडलं ग." त्यांचा चष्मा वाफेने धुरकटला होता, त्यांना काही दिसलं असेल असं मला वाटत नाही.

रविवारी बसवला. काका शेजारी उभे राहून बोट कुठे ठेवायचं ते सांगत होते. आता गाडी सुरू केली की पाइप गार राहतो, गार राहतो आणि मग चटका देतो. काटा सहाव्या मिनिटाला मध्यावर येतो आणि तिथेच राहतो. काचेवरचा बर्फ आतूनच वितळतो, कडेपासून मधल्या भागाकडे. पहिल्या सकाळी मी हात हीटरच्या झरोक्यासमोर धरले. थंडीत बधिर झालेले हात गरम झाले की काय होतं ते तुला माहीत आहे. मला असं दुखलं की गाडी लॉन्ड्रीच्या फाटकाजवळ उभी करून रडले. आत बसून रडले, खाली उतरले नाही. मुकादमिणीने अर्धा तास उशीर चालवून घेतला.

तुझं अर्धवट काम मी पुरं केलं, बारकू. आता माझं एक तू कर. तो दांडा अजून तसाच आहे. पडदा मी वर्षभर उघडलेला नाही, आईही दिवा लावून बसतात. मला त्याला हात लावता येत नाही. तू ये आणि तो काढ. काढल्यावर परत लावायचा की नाही ते तिघं बसून ठरवू. स्टँडवर घ्यायला मी येईन, गाडी गरम असेल.

तुझी
वहिनी


६ फेब्रुवारी

वहिनी,

सुट्टी मिळाली. त्या वेळीही मिळाली होती, पण ह्या वेळी बसमध्ये बसेन. पंधरा तारखेला दुपारी पोचतो. आईला आधी सांगू नकोस, नाहीतर सकाळपासून दारात उभी राहील, तिचे गुडघे दुखतील. किंवा सांग.

ट्रकवाल्याबद्दल आईने विचारलं ते मी रोज वाचतो. वाचताना काल रात्रपाळीचा फोरमन आला, माझे डोळे बघून परत गेला आणि जाताना दार लावून घेतलं.

दांड्याच्या स्क्रूंना एकच सरळ खाच आहे की फुली आहे, ते कळव. दादा कायम घाईत स्क्रूचं डोकं खराब करून ठेवायचा, म्हणून दोन्ही पेचकस आणतोच आहे, पण तरी बघून लिही. दिवा लावून बघ, पडदा उघडू नकोस. तो मी आल्यावर उघडू.

बारकू